आजोळच्या घराची दुरुस्ती : गावभाग, सांगली

३ एप्रिल

मामानं पुण्याहून पाठवलेला किल्ल्यांचा जुडगा काल मिळाला. जुडगा एकच. पितळी कडीत चार किल्ल्या आहेत: पुढच्या दाराच्या कुलपाची, माडीवरच्या खोलीची, आजीच्या ट्रंकेची आणि मागच्या दाराच्या नाईट लॅचची. लॅचची किल्ली बारीक आणि चपटी आहे, चटकन ओळखू यावी म्हणून मामानं तिला लाल दोरा बांधलाय.

सकाळी आठला दार उघडलं. २०२१ च्या पुरानंतर घर धुऊन काढलं होतं, त्यानंतर इथं कुणी राहिलेलं नाही. आत गाळाचा वास अजून आहे. खिडक्या उघडल्या, दुपारपर्यंत तो जरा कमी झाला. आजी २०१८ ला गेली, तेव्हापासून घराला माणूस नाहीच.

घर असं आहे: काळ्या दगडाचं जोतं, त्यावर चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती, सागवानी खांब. पुढे सोपा, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी, त्यामागे परडं. परड्याला आठ फुटी भिंत आहे आणि भिंतीवर काचा रोवलेल्या. परड्यातून बोळात जायला पूर्वी एक लहान दार होतं, ते २०१९ नंतर विटा लावून बुजवलं. त्याच वेळी मागचं जुनं फळ्यांचं दार काढलं, नवं घातलं आणि त्याला लॅच लावला. पूर ओसरल्यावर गल्लीतल्या बंद घरांतून तांब्या-पितळेची भांडी गेली होती, त्याची धास्ती होती.

माजघराच्या खांबावर पुराच्या तीन रेघा आहेत. २००५ ची आजोबांनी खिळ्यानं कोरलेली, २०१९ आणि २०२१ च्या मामानं पेन्सिलीनं ओढलेल्या. २०१९ ची सगळ्यात वर, ती माझ्या हनुवटीला लागते.

पावसाळ्याआधी खालच्या भिंतींचा गिलावा आणि मागची दारं-खिडक्या उरकायच्या, एवढंच यंदाचं काम. माडी पुढच्या वर्षी.

६ एप्रिल

गिलावा काढायला सुरुवात. मिस्त्री आणि दोन माणसं. २००५ नंतर सगळ्या खालच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा मारला होता आणि दुखणं तिथंच आहे. छन्नी लावली की पत्र्यासारखा सुटून येतो. मागे पांढरं पीठ, बोट लावलं की खारट. सगळीकडे लोणा.

मिस्त्री म्हणाले, "ताई, भिंत पाणी पिते खालनं. सिमेंटनं तोंड बंद केलं की ते पाणी जाणार कुठं? वर चढतंय." अगदी तसंच झालंय. पुराचं पाणी उतरलं तरी भिंतीत भिनलेलं पाणी बाहेर पडायला वाट नव्हती. ते वर वर सरकत गेलं आणि जिथं वाळलं तिथं मीठ ठेवून गेलं. मिठाचे खडे तयार होताना फुगतात आणि गिलाव्याला मागून ढकलतात. म्हणून २०१९ च्या रेघेच्याही वर दोन फूट गिलावा पोकळ वाजतोय. तिथपर्यंत सगळा काढायचा, सांधे इंचभर खरवडायचे, भिंत उघडी ठेवून वाळू द्यायची आणि वर आलेलं मीठ कोरड्या ब्रशनं झाडत राहायचं. पाण्यानं धुवायचं नाही, धुतलं तर मीठ परत आत जातं.

पुन्हा गिलावा चुन्याचाच. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभागात राहायचं तर पाणी पुन्हा येणार हे धरूनच भिंत करायला हवी. भिजेल आणि वाळेल अशी.

१२ एप्रिल

परड्यात खड्डा करून कळीचा चुना विरवला. दोन तास उकळत होता. डोळ्यांना चष्मा आणि हातांना रबरी मोजे असल्याशिवाय कुणालाही जवळ जाऊ दिलं नाही. मागच्या महिन्यात मिस्त्रींच्या ओळखीच्या एका वाडीत विरवून ठेवलेला मुरलेला चुना मिळालाय, सुरुवातीचं काम त्यावर होईल. हा नवा चुना गिलाव्याच्या शेवटच्या हातासाठी, म्हणजे थरासाठी, तोवर पाण्याखाली मुरेल.

मागचं दार त्रास देतंय. पुरात फुगलं, नंतर रंधा मारून घेतलं, आता उन्हानं आकसलंय आणि चौकटही झुकलीय. सोडलं की आपोआप मिटतं. मिटलं की लॅच लागतो. आज दोनदा एक माणूस परड्यात राहिला आणि आतल्यानं उघडलं. सुताराला फोन केला, अक्षय तृतीया झाल्यावर येतो म्हणाला. तोवर उंबऱ्याशी वीट लावून दार उघडं ठेवायचं असं सगळ्यांना सांगितलं.

१९ एप्रिल

भिंती पुरेशा कोरड्या वाटल्या, खालचा हात सुरू केला. एक भाग चुना, दोन भाग चाळलेली वाळू, एक भाग सुरखी. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची भुकटी. आमच्याच पडवीच्या फुटक्या कौलांची आणि विटांची करून घेतली. तिच्यामुळे दमट भिंतीवरही चुना घट्ट होतो. पण चुन्याला घाई चालत नाही. वाळला तर तो भुगा होतो, ओला राहिला तर हळूहळू दगड होत जातो. गोणपाट लावून दिवसातून दोनदा हलकं पाणी शिंपायचं.

स्वयंपाकघराची बाहेरची बाजू, म्हणजे परड्याकडची भिंत, २१ ला पूर्ण झाली.

२३ एप्रिल

हे आज रात्री लिहितेय. मामाला आणि मिस्त्रींना नीट कळावं म्हणून क्रमानं लिहिते.

रविवार, कामाला सुट्टी. फक्त भिंतींना पाणी मारायला चारच्या सुमाराला एकटी आले. रिकाम्या घरात एकटी असले की पुढचं दार आतून लावते. कडी आणि आडवा अडसर, दोन्ही. फोन सोप्यातल्या खिडकीत चार्जिंगला लावला. किल्ल्या स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामधल्या चौकटीवरच्या खिळ्याला अडकवल्या. आजीचीही किल्ल्या अडकवायची जागा तीच होती. हौदातलं पाणी न्हाणीवरच्या टाकीत चढवायला मोटर लावली. टाकी भरायला चाळीस मिनिटं लागतात.

पावणेपाचला आभाळ भरून आलं. सांगलीवाडीच्या बाजूनं काळं, आणि वारा एकदम थांबलेला. वळीव येणार हे उघड होतं. परड्यात चाळलेल्या वाळूचा आणि सुरखीचा ढीग उघडा होता, कालवलेला मालही. प्लॅस्टिक अंथरायला बाहेर धावले. कडा दाबायला दगड शोधत होते. हाताशी होती ती उंबऱ्याजवळची वीट. मी ती उचलली.

प्लॅस्टिकच्या कोपऱ्यावर वीट ठेवली आणि पहिला झोत आला. धूळ, पालापाचोळा आणि मागे दाराचा आवाज. खट् असा आवाज झाला तेव्हाच कळलं.

दार ढकललं. हललंसुद्धा नाही. बाहेरून या दाराला मूठ नाही, फक्त किल्लीचं भोक आहे.

पहिली पाच मिनिटं मी नुसत्या हाका मारल्या. डाव्या हाताचं घर २०१९ पासून कुलूपबंद, ती मंडळी विश्रामबागला राहायला गेलीत. उजव्या हाताचं २०२१ ला पडलं, आता तिथं मोकळी जागा आणि एरंडाची झाडं. त्यापलीकडे काकू राहतात. त्यांच्या घरात टीव्ही चालू होता, गडगडाटात मधूनमधून त्याचा आवाज येत होता. त्यांना माझा आवाज जाणं शक्य नव्हतं. लहानपणी या परड्यात शिंकलं तरी तीन घरांतून "कोण गं?" व्हायचं. गल्ली किती रिकामी झालीय ते मला आज कळलं. तीन आठवडे रोज येते, पण रोज माझ्याबरोबर चार माणसं आणि त्यांचा आवाज असतो.

मग पाऊस आला, आणि त्याबरोबर दुसरी गोष्ट ध्यानात आली. मोटर चालूच होती.

टाकीच्या ओसंडायच्या नळीला वाकण नाही, ती सरळ भिंतीकडे तोंड करून आहे. ते काम माझ्या यादीत होतं. सव्वापाचला नळीतून धार सुरू झाली आणि थेट परवा केलेल्या गिलाव्यावर पडायला लागली. दोन दिवसांचा चुना म्हणजे अजून नखानं ओरखडा उठेल असा. पाऊस त्या भिंतीला तिरका लागत होता, तो सोसला असता. पण एका जागी पडणारी धार सोसणार नव्हती. डोळ्यांदेखत त्या जागी रंग बदलला, मग वाळूचे कण सुटून खाली यायला लागले.

पडवीचे काढलेले पत्रे भिंतीला टेकवून ठेवले होते. त्यातला एक ओढला. दोन घमेली पालथी घालून त्यावर उभी राहिले आणि पत्रा नळीखाली तिरका धरला. धार पत्र्यावरून आडाच्या कट्ट्याकडे वळली. पण तो धरूनच ठेवावा लागत होता, सोडला की वाऱ्यानं उडणार. किती वेळ तशी उभी होते सांगता येणार नाही. हात थरथरायला लागले होते. हौद रिकामा होईपर्यंत मोटर चालणार, आणि हौद सकाळीच भरलेला.

तेवढ्यात लाईट गेली. नळीतली धार बारीक होत होत थांबली. आयुष्यात पहिल्यांदा लाईट गेल्याचा एवढा आनंद झाला.

लाईट गेल्यानं काकूंचा टीव्हीही बंद झाला. पावसाचा जोर कमी होताच मी पालथं घमेलं घेतलं आणि थापीच्या दांड्यानं बडवायला सुरुवात केली. थोड्या वेळानं काकू त्यांच्या गच्चीवर आल्या.

"कोण आहे गं परड्यात?"

"मी आहे काकू! दार लागलं, आत किल्ली राहिली!"

"थांब, थांब बाळ, किल्ली आहे माझ्याकडे!"

त्या छत्री घेऊन पुढच्या दारापर्यंत जाऊन आल्या. अडसर आतून, त्या दाराचं काही होणं नव्हतं. मग पडक्या जागेत, चिखलातून भिंतीपाशी आल्या आणि टॉवेलमध्ये गुंडाळून किल्ली आत टाकली. वाळूच्या ढिगावर पडली. टॉवेल सोडला. मोठी, जड, लोखंडी किल्ली, गोल दांड्याची, तेल लावून जपलेली. मागच्या जुन्या दाराच्या कुलपाची. आजीनं दिलेली. ते दार आणि ते कुलूप २०१९ मध्येच गेलं.

"लागली का?" भिंतीपलीकडून.

"नाही काकू. हे दार नवीन आहे."

त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला कुणी सांगितलंच नाही गं."

त्यांनी विचारलं, पुढचं दार फोडायला माणूस बोलावू का. ते दार सागवानी आहे, पणजोबांच्या वेळचं. अडसर मोडल्याशिवाय ते उघडणार नाही आणि अडसर मोडताना चौकटीचं काय होईल सांगता येत नाही. मी म्हटलं, अर्धा तास थांबा, तोवर मला बॅटरी द्या. तीही टॉवेलमध्ये गुंडाळून आली.

अंधार पडत होता. आधी लॅचवर प्रयत्न केला. ऑइलपेंटच्या प्लॅस्टिकच्या डब्याची पट्टी कापून घेतली. लॅचची जीभ एका बाजूनं तिरपी कापलेली असते, म्हणून तर दार मिटताना ती आपोआप आत सरते आणि मग बाहेर उडी मारते. तिरप्या बाजूवर काही सरकवता आलं तर ती मागे ढकलता येते. पण दार आत उघडणारं, त्यामुळे चौकटीची खाच मध्ये येते. पट्टीला काटकोनात वळून जावं लागतं. वरच्या बाजूला फट होती तिथून पट्टी गेली, लॅचच्या उंचीला मात्र पावसानं दार फुगून चौकटीला घट्ट बसलं होतं. पट्टी मऊ पडली आणि दुमडली. दोनदा केलं, सोडून दिलं.

स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, भिंती वाळाव्यात म्हणून ठेवलेली. तिला उभे लोखंडी गज आहेत. खालची लाकडी पट्टी पुरानं कुजलीय, पहार लावली असती तर दोन गज निघाले असते. पहार परड्यातच होती. पण ती खिडकी वाचवायची म्हणून तर सुताराला बोलावलंय. गजांतून बॅटरी मारली. समोर माजघराची चौकट, तिच्यावर खिळा आणि खिळ्यावर जुडगा. लाल दोरासुद्धा दिसला. आठ-नऊ फूट.

परांचीचे बांबू होते. त्यातला सर्वांत हलका, दहा फुटी निवडला. बाइंडिंगच्या तारेचे चार पदर पीळ घालून एक केले, टोकाला आकडा वळवला आणि बांबूला घट्ट आवळला. बॅटरी दोन गजांत अडकवून ठेवली. बांबू आत सारला की पुढचं टोक जडावून खाली झुकतं. म्हणून मागचं टोक काखेत दाबून, गजाचाच टेकू घेऊन तो उचलावा लागतो. आकडा किल्ल्यांना लागायचा, त्या नुसत्या हलायच्या. कडी पितळी, गुळगुळीत, आकडा तिच्यात शिरेना. चौथ्या-पाचव्या वेळी धक्का जास्त झाला आणि जुडगा खाली पडला. फरशीवर पडल्याचा आवाज ऐकला आणि हातपाय गळाले, कारण बॅटरीच्या उजेडात तो दिसेना.

बॅटरी खाली वळवली. चौकटीच्या अलीकडेच पडला होता, म्हणजे उलट जवळ आला होता. आता आकड्याऐवजी दुसरं काही हवं होतं. तार सोडली, तिचा आकडा मोडून जिलबीएवढा सपाट फास केला, फरशीवरून सरकेल असा. फास जुडग्यावर टाकायचा आणि ओढायचा. शहाबादी फरशी मध्ये खचलीय, तिच्या सांध्यात जुडगा दोनदा अडकला. तिथून तो उचलून नाही, बाजूनं सरकवत काढावा लागला. पलीकडून काकू विचारत होत्या, "कुठपर्यंत आली?" मी सांगत होते. फरशीच्या तिसऱ्या ओळीपर्यंत. दुसऱ्या. भिंतीपर्यंत.

भिंतीपाशी आल्यावर तो खिडकीच्या खाली, नजरेआड गेला. तिथून बांबूचा उपयोग नव्हता. बांबूची तार सोडून घेतली, हात खांद्यापर्यंत गजांतून घातला आणि चाचपत राहिले. तारेला कडी लागली. वर घेतली.

लाल दोऱ्याची किल्ली लावली, दार उघडलं. सात वाजून गेले होते. पहिल्यांदा मोटरचं बटण बंद केलं, लाईट परत आली असती तर पुन्हा तेच झालं असतं. मग अडसर काढून पुढचं दार उघडलं. काकू उंबऱ्यापाशी उभ्या होत्या, पायाला चिखल, हातात कोरडा टॉवेल आणि डब्यात भडंग.

२४ एप्रिल

मिस्त्रींनी भिंत पाहिली. धार पडली तिथं दीड हात रुंद आणि कमरेपर्यंत उंच पट्टा उतरलाय, आतली वीट दिसते. बाकी गिलावा शाबूत. पट्ट्याच्या कडा तासून, भिंत ओली करून पुन्हा भरला. नळीला वाकण बसवलं, पाणी आता आडाकडे जातं. मोटरला टाकी भरली की आपोआप बंद होणारा फ्लोट स्विच मागवलाय.

काल रात्री मामाशी फोनवर बोलले. मी म्हटलं, मागच्या दाराचा लॅच काढून टाकते, कडी-कोयंडा आणि साधं कुलूप लावते. आणि दोन्ही दारांची एकेक किल्ली काकूंकडे ठेवते.

मामा म्हणाला, "आणि चोर?"

त्याची भीती खोटी नाही. पण मी त्याला २००५ ची आठवण दिली. आजोबांचं ऑपरेशन होतं, आजी-आजोबा दोघं मिरजेला होती आणि पाणी चढायला लागलं. काकूंनी आणि काकांनी हीच लोखंडी किल्ली लावून मागचं दार उघडलं. धान्य, अंथरुणं, देव, आजोबांच्या हळदीच्या अडतीच्या वह्या, सगळं माळ्यावर चढवलं. २०१९ ला घर रिकामं होतं, तरी काकांनी आजीची ट्रंक त्याच किल्लीमुळे वर नेऊन ठेवली, वह्या तिच्यातच होत्या. मग आपण दार बदललं. २०२१ च्या जुलैमध्ये काकूंनी त्याला पुण्याला फोन केला होता की पाणी गल्लीत आलंय. तो पुण्यात होता आणि किल्लीही पुण्यात होती. ट्रंक खाली माजघरात होती. पूर ओसरल्यावर त्या वह्यांचा लगदा मीच घमेल्यानं काढला. ट्रंकेची किल्ली अजून जुडग्यात आहे.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काकूंना मी स्वतः फोन करतो." केला त्यानं, काकूंनी आज सांगितलं.

२९ एप्रिल

सुतार आला. ओळंबा लावून पाहिलं तर सहा फुटात अर्धा इंच चौकट बाहेर झुकलीय, म्हणून दार आपोआप मिटत होतं. चौकट हलवायची तर भिंत उकलावी लागेल. त्यापेक्षा त्यानं वरची बिजागरी काढून खाली पाचर देऊन पुन्हा बसवली. आता दार सोडलं तिथं राहतं. शिवाय भिंतीला एक आकडा ठोकला, काम चालू असताना दार त्यात अडकवायचं. लॅच काढला. त्याचं भोक सागाच्या डट्ट्यानं बुजवलं. ज्यांना लॅच ठेवायचाच आहे त्यांनी त्याचं जीभ आत धरून ठेवणारं बटण वापरावं, बहुतेक लॅचना असतं. आमच्याला होतं, पुराच्या गंजानं बसलं होतं आणि कुणी पाहिलं नव्हतं.

खिडकीची कुजलेली पट्टी बदलली. गज जुनेच.

१८ मे

मधला सगळा वेळ पाणी मारण्यात गेला. दुसरा हात झाला. दुरुस्त केलेला पट्टा रंगानं किंचित वेगळा दिसतो, चुन्याची सफेदी दिल्यावर दिसणार नाही असं मिस्त्री म्हणतात. मला तो दिसला तरी चालेल. लोणा फक्त न्हाणीच्या कोपऱ्यात पुन्हा आलाय, थोडा. झाडून घेतला.

खांबावरच्या तीन रेघांना हात लावू दिला नाही. तिथं सफेदी रेघांच्या चार बोटं अलीकडे थांबवली.

५ जून

काम यंदापुरतं संपलं. मजुरी आणि सामानाचा हिशेब वेगळा पाठवते आहे.

आज दोन्ही दारांच्या किल्ल्या काकूंकडे दिल्या. त्यांनी त्या लगेच लावून पाहिल्या, आधी पुढच्या, मग मागच्या दाराला, दोनदोनदा. मग देवघराशेजारच्या खुंटीला अडकवल्या. जुनी लोखंडी किल्ली मी परत देत होते, त्या म्हणाल्या राहू दे तिथंच. तिन्ही एका दोऱ्यात ओवल्या.

माळ्यावर काय कुठं न्यायचं ते दोघींनी मिळून ठरवलं. गॅसची टाकी आधी, मग देव, मग ट्रंक. ट्रंक आता रिकामी आहे, पण ती आजीची आहे. काकूंनी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं आणि विचारलं, "पुलापाशी किती फूट झालं की तुला फोन करू? पस्तीस?"

मी म्हटलं, तीसला करा.